ओटीपी येईपर्यंत गोल झाला होता

पत्र

ताई, वय 68. नागपुरात अजनीत राहतो, रेल्वेतून निवृत्त. तरुणपणी रेल्वेच्या स्थानिक हॉकी संघात लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड, खेळायचो. 1975 ची वर्ल्ड कप फायनल रेडिओला कान लावून ऐकली, तेव्हापासून हॉकीचा नाद सुटला नाही. आम्ही सहा जुने खेळाडू मोठी मॅच माझ्याच घरी बघतो. 2021 मध्ये मुलगा घरून काम करत होता. टोकियो ऑलिम्पिकला गोलकीपर श्रीजेशनं शेवटचा पेनल्टी कॉर्नर अडवला तेव्हा पोरानं मला अक्षरशः उचललं होतं.

आता ऐका. 7 सप्टेंबर 2025, आशिया कपची फायनल. विसर्जनाचा दुसरा दिवस. ग्रहणाचे वेध लागलेले म्हणून हिनं चहासुद्धा ठेवला नाही, तरी सहाही जण वेळेवर हजर. केबलवर सामन्याचं चॅनल आमच्या पॅकमध्ये नाही. केबलवाला पोरगा म्हणाला, "काका, मोठं पॅक घ्या." मी त्याला बिल्डिंगखाली सगळ्यांसमोर झापलं. ॲप मुलाच्या नंबरवर. तो पुण्यात, गाडी चालवत होता. ओटीपी आला तेव्हा दुसरा क्वार्टर चालू झालेला. पहिल्याच मिनिटाचा गोल गेला. तेवढ्यात आमच्यातल्या एकानं, माझ्या शेजारी खेळणाऱ्या जुन्या लेफ्ट इननं, मोबाइलवर कुठलीतरी टेलिग्रामची लिंक लावली. मी म्हणालो, ही चोरी आहे. तो म्हणाला, "ज्या खेळाला धड एक चॅनल मिळत नाही, त्याच्यासाठी काय भांडतोस?" आणि हाफटाइमला उठून गेला. मी ग्रुप सोडला. मुलगा म्हणतो, बाबा, हायलाइट्स बघत जा. आता वाटतं, हॉकी बघणंच सोडून द्यावं. पूर्वी दूरदर्शनवर फुकट दिसायचं, ते काढलं कशाला? आणि मी चुकलो का?

— अजनीचा लेफ्ट आउट

उत्तर

काका, नमस्कार.

सुखजीतचा तो गोल मी पाहिला. सामना सुरू होऊन अर्धं मिनिट झालं नसेल, आणि चेंडू कोरियाच्या जाळ्यात. तुम्ही सहा जण तेव्हा मोबाइलवर फिरणारं चक्र बघत बसला होता, हे वाचून पोटात कालवलं. ज्यानं 1975 रेडिओवर ऐकलं त्याच्या वाट्याला 2025 ची फायनल अशी यावी, हे बरोबर नाही. तुमचा राग खरा आहे. फक्त तो चुकीच्या तीन माणसांवर निघालाय: केबलचा पोरगा, मुलगा आणि तुमचा लेफ्ट इन. त्या तिघांपैकी एकाच्याही हातात हे प्रक्षेपण नव्हतं.

ते कुणाच्या हातात असतं, ते आधी सांगते. "हॉकीचे हक्क" असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एकच दुकान येतं. तसं ते नाही. वर्ल्ड कप आणि प्रो लीग आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे एफआयएचची. आशिया कप आणि आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी आशियाई महासंघाची. आपली लीग हॉकी इंडियाची, म्हणजे आपल्या देशाच्या महासंघाची. ऑलिम्पिक तर सगळ्या खेळांसकट ऑलिम्पिक समितीचं. चार मालक, चौघांचे वेगवेगळे करार, प्रत्येकाची मुदत वेगळी. संघ तोच, जर्सी तीच, हरमनप्रीतचा ड्रॅगफ्लिकही तोच, पण स्पर्धा बदलली की मालक बदलतो आणि मालक बदलला की चॅनल बदलतं.

2024 चं एकच वर्ष घ्या. जानेवारीत रांचीला मुलींची ऑलिम्पिक पात्रता फेरी झाली, ती स्पोर्ट्स 18 आणि जिओ सिनेमावर. जुलै-ऑगस्टमधलं पॅरिसही तिथेच, स्पेनला 2-1 नं हरवून आपण ब्रॉन्झ घेतलं तो सामनासुद्धा. महिनाभरात चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी, ती सोनीवर. डिसेंबरअखेर सात वर्षांनी हॉकी इंडिया लीग परत सुरू झाली, ती दूरदर्शनच्या डीडी स्पोर्ट्सवरही दिसली. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये जिओ सिनेमा हे नावच संपलं, हॉटस्टारमध्ये मिसळून जिओ हॉटस्टार झालं. पाठोपाठ स्पोर्ट्स 18 ची चॅनलंही गेली. म्हणजे तुम्ही वर्षभरापूर्वी नीट लक्षात ठेवलेलं चॅनल आज टीव्हीवर अस्तित्वातच नाही. यात तुमचं वय आड येत नाही. मी पंचेचाळिशीची आहे, रोज मोबाइलवर काम करते, तरी माझाही गोंधळ होतो. एका स्पर्धेसाठी मी एकदा वर्षभराचं पॅक घेतलं होतं. पुढची स्पर्धा दुसऱ्याच ॲपवर गेली. पैसे गेले त्याचं इतकं नाही, पण पहिला सामना कुठे आहे ते शोधण्यात निम्मा संपला, ते अजून सलतं.

माझी खरी तक्रार हक्क विकण्याबद्दल नाही. विकू देत. खेळाला पैसा लागतो. 2018 पासून ओडिशा सरकार राष्ट्रीय संघांच्या पाठीशी उभं राहिलं म्हणून आज ही पोरं इथवर आलीत. पण हॉकीचा सामना साठ मिनिटांचा. तुमच्या वेळी पस्तीस-पस्तीसचे दोन हाफ होते, आता पंधरा-पंधराचे चार क्वार्टर. क्रिकेटमध्ये पहिला अर्धा तास हुकला तरी सामना उरतो. हॉकीत एक क्वार्टर हुकला की पाव सामना गेला. म्हणून सामना कुठे दिसेल हे महिनाभर आधी, मराठी-हिंदी वर्तमानपत्रांत, ठळक छापून यायला हवं. तिकीटविक्रीची जाहिरात येते, मग ही का येऊ नये? हा प्रश्न हॉकी चालवणाऱ्यांना विचारायचा आहे, केबलच्या पोराला नाही.

आता दूरदर्शनचं. "फुकट होतं ते काढलं" असं तुम्हाला वाटतं, पण गोष्ट जरा वेगळी आहे. 2007 साली संसदेनं एक कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धा खासगी वाहिनीनं घेतल्या, तरी त्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं. ऑलिम्पिक, आशियाई खेळ, हॉकीचा वर्ल्ड कप या त्यात येतात. पण यादीत नाव असेल तरच. बाकीच्या स्पर्धा दूरदर्शन वेगळा करार करून घेईल तेव्हाच दिसतात.

आणि यातली एक मेख बहुतेकांना माहीत नसते. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की या कायद्यानं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शननं स्वतःच्या अँटेनावर आणि स्वतःच्या डीटीएचवर, म्हणजे डीडी फ्री डिशवर दाखवावं. केबलवाल्यांमार्फत नाही. कारण तसं झालं तर पैसे मोजून हक्क घेणाऱ्या वाहिनीकडे कोण जाईल? म्हणून अशा सामन्याच्या वेळी केबलवर दूरदर्शन लावलं तर दुसरंच काही चालू असतं, आणि त्याच क्षणी शेजारच्या गल्लीतल्या फ्री डिशवर सामना दिसत असतो. आपल्याला वाटतं दूरदर्शननं फसवलं. खरं तर आपण चुकीच्या तारेला टीव्ही जोडलेला असतो.

म्हणून सोडून देण्याआधी एक करा, गच्चीवर फ्री डिश बसवा. साधारण दोन हजारांच्या आतबाहेर एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही. सीताबर्डीत डिश आणि बॉक्स दोन्ही मिळतात. केबल काढायची गरज नाही. बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत जोडायचा आणि रिमोटवर "सोर्स" दाबून इकडून तिकडे जायचं. आपल्या नागपुरातून त्या उपग्रहाकडे बघायचं तर डिशचं तोंड आग्नेयेला येतं. त्या बाजूला कडुलिंब किंवा नवी बिल्डिंग आड नाही ना, ते आधी गच्चीवर उभं राहून बघा. पावसाची मोठी सर आली की चित्र थोडा वेळ अडखळतं, तेवढं धरून चाला. एवढं करून प्रत्येक सामना दिसेल असं मी म्हणत नाही. आशिया कपसारखी स्पर्धा तुम्हाला पैसे देऊनच बघावी लागू शकते. पण वर्ल्ड कप, ऑलिम्पिक, आशियाई खेळ यांच्यासाठी मुलाकडे हात पसरायची वेळ बहुतेक येणार नाही.

राहिला केबलवाला. "मोठं पॅक घ्या" हे त्यानं सांगितलं ते पूर्ण खरं नाही. 2019 पासून ग्राहकाला एकेक चॅनल सुटं निवडता येतं, त्याचा दर ठरलेला आणि जाहीर असतो. एका हॉकीसाठी पन्नास चॅनलांचा गठ्ठा गळ्यात घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. "मला हे एक चॅनल सुटं हवं" असं सांगायचं. नाही म्हणाला तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून घ्यायचा. पण हे सगळं त्या पोराला खाली उभं करून ओरडण्याआधी करायचं होतं, काका. तो महिन्याच्या पगारावर वायरी ओढतो. पॅक त्यानं बनवलं नाही. चारचौघांत झापलंत, तर पुढच्या वेळी तो आला की चारचौघांतच "त्या दिवशी माझं जरा जास्तच झालं रे" म्हणा. चुकलो का असं विचारलंत म्हणून सांगते, इथे चुकलात.

लिंकच्या बाबतीत मात्र तुम्ही बरोबर होता. त्या चोरट्या लिंकवर सट्ट्याच्या जाहिराती नाचत असतात, नको त्या जागी बोट लागलं तर मोबाइल गेलाच. पण मला त्याहून दुसरंच बोचतं. पुढच्या वेळी हॉकीला किती किंमत द्यायची हे वाहिन्या ठरवतात ते किती लोकांनी पाहिलं यावरून. ॲप चालू असलेला प्रत्येक टीव्ही, प्रत्येक मोबाइल मोजला जातो. लिंकवर सहा जणांनी पाहिलं, तर हॉकीच्या हिशेबात अजनीत कुणीच पाहिलं नाही. "हॉकी बघतंय कोण?" असं म्हणणाऱ्याच्या हातात आपणच पुरावा देतो.

म्हणून तुमच्या लेफ्ट इनशी तुमचं खरं भांडण नाहीच. "धड एक चॅनल मिळत नाही" हे त्याचं बोलणं तुमच्याच पत्रातल्या वाक्यासारखं आहे, फक्त त्याचा धीर सुटला आणि तुमचा आवाज चढला. तोही ग्रहणाच्या वेधात, बिनचहाचा, वेळेवर येऊन बसला होता की नाही? ज्याला खेळाचं काही पडलेलं नाही, तो असा येतो का? त्यानं लिंक लावली ती तुमच्या पाहुण्यांना सामना दिसावा म्हणून. पंचवीस-तीस वर्षं ज्याच्या पासवर धावलात, त्याचा हेतू तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

मुलाकडे येते. त्यानं तुम्हाला उचललं तो दिवस 5 ऑगस्ट 2021. जर्मनीविरुद्ध 5-4, सेकंद उरलेले, पेनल्टी कॉर्नर आणि श्रीजेश. 1980 नंतर 41 वर्षांनी पदक. तो मुलगा हॉकीला कंटाळलेला नाही. तो भर रहदारीत, हेल्मेटच्या आत वाजणाऱ्या फोनला कंटाळलाय. "हायलाइट्स बघा" हे त्यानं तुमची सोय बघून सांगितलं. ते तुम्हाला लागलं, कारण हायलाइट्समध्ये गोल दिसतात, पण गोलाआधी लेफ्ट आउटनं रेषेला धरून ओढलेली धाव दिसत नाही. हे त्याला सांगा, याच शब्दांत सांगा. मी काही हॉकी खेळलेली नाही, पण हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं आणि तेव्हापासून मी चेंडू सोडून कडेच्या खेळाडूकडे बघायला शिकले.

ओटीपीचा प्रश्न तर सोपा आहे. पॅक तुमच्या स्वतःच्या नंबरवर घ्या. ओटीपी तुमच्याच फोनवर येईल, कुणाला मागायला नको. वर्षाचं नाही, महिन्याचं. ज्या महिन्यात स्पर्धा त्या महिन्यापुरतं, आणि आपोआप नूतनीकरणाची खूण असते ती आठवणीनं काढून टाका. सहा जणांत खर्च वाटून घेतला तर प्रत्येकाला एखाद-दुसऱ्या प्लेट तर्री पोह्याएवढा भार येईल. मित्र घरात बसून बघतायत तोवर काही अडचण नाही, पण कॉलनीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा विचार असेल तर आधी पॅकच्या अटी वाचा, घरगुती पॅकवर तसं चालत नाही. आणि लॉगिन सामन्याच्या आदल्या दिवशी. सामन्याआधी पाच मिनिटं तर मुळीच नाही. आदल्या संध्याकाळी टीव्हीवर ॲप उघडायचं, दुसरा कुठलाही कार्यक्रम दोन मिनिटं चालवून बघायचा, मग झोपायचं. तुम्ही सामन्याच्या आदल्या रात्री स्टिकची पकड तपासून झोपत असाल, तसंच हे.

एक मोठं कामही तुमच्याकडे सोपवते. आशिया कप आपण जिंकलो म्हणून 2026 च्या वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं. तो 15 ते 30 ऑगस्टला बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये. वर्ल्ड कपची जागा त्या कायद्याच्या यादीत आहे. पण आशिया कपसारख्या स्पर्धेतलं भारताचं फायनल तिथे का असू नये? ती यादी केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं, माहिती व प्रसारण मंत्रालयाचं ते काम. मंत्रालयाला हे निवेदन साध्या पोस्टानं पाठवता येतं. तुम्ही सहा जण, सगळे मैदानावर घाम गाळलेले. एका पानावर लिहा: 7 सप्टेंबरला आमच्या घरात काय झालं, आणि आमची मागणी काय. सहा सह्या करा. अशीच पत्रं कामठीहून, विदर्भ हॉकी असोसिएशनच्या (व्हीएचए) मैदानावर संध्याकाळी येणाऱ्या जुन्या मंडळींकडून जाऊ देत. लगेच फरक पडेल असं नाही. पण बिल्डिंगखाली केलेला आरडाओरडा त्याच संध्याकाळी विरला, हे पत्र फाइलला तरी लागेल. मजकूर मला पाठवा, शुद्धलेखन मी बघून देईन.

बघणं सोडू नका, काका. मी हे रीत म्हणून लिहीत नाही. माझे वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली. शेवटच्या काही वर्षांत चॅनलांच्या गोंधळाला कंटाळून त्यांनी हॉकी बघणं सोडलं होतं. आम्हीही म्हटलं, असू दे, काय एवढं. मग संध्याकाळी आमच्याकडे येणारी त्यांची माणसंही हळूहळू यायची थांबली. टीव्ही चालूच होता, बातम्या लागलेल्या असायच्या, पण खोलीत कुणी नसायचं. मी तेव्हा एक डिश बसवून द्यायला हवी होती. ते माझ्याकडून राहून गेलं.

तर या रविवारी सीताबर्डीला जा. आणि डिश घरी आणली की मेकॅनिकला फोन करण्याआधी तुमच्या लेफ्ट इनला करा. लहानपणी आमच्या गच्चीवर वडील अँटेना फिरवायचे आणि खालून मी ओरडायचे, "आलं... आलं... गेलं! मागे घ्या!" डिश हलवताना आजही वर एक आणि खाली टीव्हीसमोर एक, अशी दोन माणसं लागतातच.